बत्तीस क्रेडिटांचा हिशेब

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार. भंडारा

इम्युलेटरचा स्लॉट रात्री अकरा ते तीन असा मिळाला. दिवसाचे स्लॉट बंगळुरूच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आधीच अडवून ठेवलेले. दिवाळीला गावी गेलेल्याच्या वाट्याला रात्र, हा अलिखित नियम आहे. यंत्र तिकडे, मी इकडे घरच्या माडीवर, आणि मधे फायबरची तार. भाऊबीज काल झाली, त्यामुळे मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्यात. शेजारच्या गावात नाटक आहे. वारा इकडचा असला की संवादसुद्धा ऐकू येतात. नायिकेच्या बापाचं कर्ज नक्की किती आहे, हे मला आता पाठ झालंय.

आजचा निकाल: लिनक्स बूट होता होता चिप हँग. चिप म्हणायचं, पण ती अजून कुठेच नाही. आहे तो व्हेरिलॉग भाषेत लिहिलेला आराखडा, आणि तो इम्युलेटरवर चिप असल्यासारखा चालतो. फॅबला, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याला, पाठवायला काही आठवडे उरलेत. एकदा मास्क बनले की दुरुस्ती नाही. नवा संच, नवा खर्च, नवे महिने. म्हणून हे रात्रीचे उद्योग.

स्क्रीनवर बूटच्या ओळी सरकत होत्या. स्टोरेज ड्रायव्हरची ओळ आली, आणि पुढे काही नाही. टीमलीड बाईंना मेसेज टाकला. त्यांचं उत्तर: "पुन्हा चालवा. तिथेच अडकली तर बरं."

तिथेच अडकली. म्हणजे बग पळणारा नाही. बरं वाटलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊजींनी जेवताना विचारलं, की आराखडा कॉम्प्युटरवरच चालवून का पाहत नाही, वेगळं यंत्र कशाला? प्रश्न रास्त आहे. गणित इथे मांडून ठेवतो.

साध्या सिम्युलेशनमध्ये कॉम्प्युटर घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला बदललेले सिग्नल एकामागून एक मोजत जातो. चिपमध्ये मात्र ते सगळे एकाच वेळी बदलतात. आमच्या आकाराच्या आराखड्याला चांगला सर्व्हरही सेकंदाला हजारेक सायकली देतो. हँग येतो तो साधारण २९० कोटी सायकलींनंतर. हजाराच्या वेगाने तिथे पोचायला तेहतीस दिवसांहून जास्त लागतील. इम्युलेटर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पळतो, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. खरी चिप एक गिगाहर्ट्झवर धावली तर तीन सेकंदसुद्धा नाहीत.

हा वेग येतो कारण आराखडा मोजण्याचं काम हजारो ठिकाणी एकदम होतं. त्याचे दोन-तीन पंथ आहेत. कॅडेन्सच्या पॅलेडियममध्ये तर्कगणित करणाऱ्या खास प्रोसेसरांची फौज असते. सिनॉप्सिसचा झेबू एफपीजीए, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिप, वापरतो. सीमेन्सच्या व्हेलोसीत त्यांची स्वतःची चिप. पहिल्यात कंपाइल लवकर होतं. एफपीजीएच्या वाटेने गेलं तर जुळवाजुळवीलाच तास न् तास जातात, पण नंतर पळतं जोरात. यातल्या पहिल्या पंथाचा पूर्वज म्हणजे आयबीएमचं यॉर्कटाउन सिम्युलेशन इंजिन, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं. किमती कोट्यवधींत. म्हणून स्लॉट, म्हणून रात्र.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे तीन सेकंदांसाठी तुम्ही पाऊण तास बसता." हो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आता खरी कटकट. वेग आहे, पण दिसत नाही.

सिम्युलेशनमध्ये मेलेला आराखडा उघडून त्याचा कुठलाही सिग्नल, कुठल्याही क्षणाचा, पाहता येतो. इम्युलेटरवर तसं नाही. समजा आराखड्यात दहा लाख फ्लिप-फ्लॉप आहेत आणि शंभर कोटी सायकलींत प्रत्येकाचा एकेक बिट साठवायचा. १२५ टेराबाइट झाले. कोण साठवणार, आणि कोण वाचणार? म्हणून यंत्र फक्त शेवटचा तुकडा हाताशी ठेवतं. त्यातही हुशारी अशी की फ्लिप-फ्लॉप आणि बाहेरून आलेले सिग्नल तेवढे टिपायचे. मधल्या गेटांची किंमत नंतर निवांत काढता येते.

आमच्या वाट्याला शेवटच्या दहा लाख सायकली येतात. अठ्ठेचाळीस मिनिटांतला एक सेकंद. आणि हँग झाल्याचं ओळखणारा वॉचडॉग एक कोटी सायकली वाट पाहून मगच ओरडतो. त्यामुळे आज रात्री जी वेव्हफॉर्म उघडली, तिच्यात काहीही नव्हतं. घड्याळाची रेघ सोडून सगळ्या रेघा सपाट.

एक गोष्ट मात्र हाती लागली. मेमरीकडे जाणाऱ्या वाटेवर क्रेडिटांची व्यवस्था आहे. एकूण बत्तीस. विनंती पाठवली की एक खर्ची पडतं, उत्तर आलं किंवा विनंती रद्द झाली की परत जमा. हँगच्या क्षणी शिल्लक: शून्य. आणि वापरात असलेल्या विनंत्यांचा तक्ता: रिकामा.

शून्य शिल्लक आणि शून्य वापरात. मग बत्तीस गेली कुठे?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्री साडेबाराला लाईट गेली. इन्व्हर्टरने राउटर धरून ठेवला, लॅपटॉपही तगला, पण अर्धा तास जीव टांगणीला. तिकडे बंगळुरूत रन निवांत चालू होता. त्याला काय कल्पना. आई जिन्याखालून: "एवढ्या रातच्याला काय पाहून राह्यला बाप्पा? डोये जातील." मी म्हटलं, बत्तीस हरवलेत, ते शोधतोय. ती म्हणाली, "सकाळी शोध."

१० नोव्हेंबर, रविवार

भाची नागपूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. सुट्ट्या संपायच्या आत "मामा, तुमचं काम दाखवा" म्हणून मागे लागली. कंपनीचा आराखडा दाखवता येत नाही. म्हणून तिच्याच लॅपटॉपवर व्हेरिलेटर बसवून दिला. विल्सन स्नायडर यांचं हे फुकटातलं अवजार व्हेरिलॉगचं सी-प्लस-प्लस करून टाकतं, आणि मग तो प्रोग्रॅम सुसाट धावतो. वेव्हफॉर्म पाहायला जीटीकेवेव्ह, तेही फुकट.

तिला सांगितलं की व्हेरिलॉग १९८४च्या सुमारास गेटवे डिझाइन ऑटोमेशन या छोट्या कंपनीत जन्मली, लिहिली फिल मूरबी यांनी, आणि कंपनी काढली होती प्रभू गोयल यांनी. ती म्हणाली, सिलॅबसमध्ये फक्त "आयईईई १३६४" आहे. सिलॅबस तसाच असतो.

मग एक गंमत दाखवली. एक रजिस्टर मुद्दाम रिसेटशिवाय ठेवलं. आयकॅरस व्हेरिलॉगमध्ये चालवलं तर वेव्हफॉर्मवर लाल एक्स, म्हणजे शून्य की एक हे ठाऊक नाही. तो एक्स पुढे पुढे पसरत सगळं सर्किट लाल झालं. तेच व्हेरिलेटरमध्ये चालवलं: सगळं हिरवंगार, टेस्ट पास. कारण व्हेरिलेटर मुख्यतः दोनच किमती मानतो, शून्य आणि एक. इम्युलेटरही तसाच; हार्डवेअरमध्ये एक्स नावाची वस्तूच नाही. खऱ्या चिपमध्ये ते रजिस्टर वीज आल्यावर शून्यही होईल नाहीतर एकही. म्हणून इम्युलेटरवर सुरुवातीच्या किमती मुद्दाम यादृच्छिक भरून चालवतात; वेगळं बीज, वेगळी सुरुवात.

"मग खरं कोण सांगतं?" तिने विचारलं.

कोणीच पूर्ण नाही. प्रत्येक अवजाराला एक आंधळी बाजू आहे. ती कुठली, हे ठाऊक असणं म्हणजे निम्मी नोकरी. एवढं सांगितलं आणि चहा मागवला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

स्लॉट नाही. भाचीने फोनवर पेंटियमच्या बगबद्दल विचारलं, म्हणून जुनी टिपणं काढली.

१९९४ साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नायस्ली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. उत्तर जुळेना. बरीच खटपट करून शेवटी ते प्रोसेसरपर्यंत पोचले: इंटेलचा पेंटियम भागाकार चुकवत होता. इंटेलच्या खुलाशानुसार भागाकाराच्या तक्त्यातल्या पाच नोंदी चिपमध्ये उतरल्याच नव्हत्या. कंपनीचं म्हणणं, नऊ अब्ज भागाकारांत एखादा चुकेल. लोकांनी ऐकून घेतलं नाही. शेवटी बदलून देण्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा फटका बसला.

मला यातलं खटकतं ते वेगळंच. हाच पेंटियम सिलिकॉनमध्ये उतरण्याआधी क्विकटर्न कंपनीच्या एफपीजीए यंत्रांवर इम्युलेट करून पाहिला होता. त्या काळी हे मोठं धाडस. ऑपरेटिंग सिस्टिमही चालवून पाहिल्या. तरी बग निसटला, कारण त्या पाच खणांत हात घालणारा भागाकार समोर आला नाही, किंवा आला तरी उत्तर तपासायला तिथे कोणी बसलं नव्हतं. विक्रेत्यांच्या सादरीकरणात मेगाहर्ट्झचे स्तंभ उंच उंच काढतात. तपासणी कुठे बसवली आहे, याचा स्तंभ मी अजून पाहिलेला नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काल तुळशीचं लग्न. आज बाबूजी चिडून घरी आले. हलकं धान कापून, चुरून तयार, यंदा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये, आणि खरेदी केंद्रावर काटा बंद. कारण? बारदाना नाही. पोती गेली कुठे, तर म्हणे फिरतीवर आहेत. "फिरतीवर आहेत तं वापस काऊन नाई येत? कोनी मोजून राह्यलं का?"

ताट तसंच ठेवून वर पळावंसं वाटलं. आमचंही तेच आहे. बत्तीस पोती फिरताहेत. जाताना एक वजा, येताना एक अधिक. कुठेतरी एक पोतं येतं आणि वहीत चढत नाही. एकदा झालं तर कळणारही नाही, एकतीस पोत्यांवर काम चालतंच. पण पुन्हा पुन्हा होत बत्तीसावं बुडालं की काटा बंद. काटा बंद झाल्याच्या दिवशी गोदामात जाऊन काय सापडणार? ज्या दिवशी पहिलं पोतं चढलं नाही, तो दिवस पाहिजे.

रात्री टीमलीड बाईंशी बोललो. यंत्र ठरावीक अंतराने पूर्ण स्थितीची प्रत काढून ठेवतं. त्यातल्या कुठल्याही प्रतीपासून पुन्हा सुरू करता येतं. पण दोन प्रतींमध्ये तीस कोटी सायकली, आणि पाहायला मिळणार दहा लाख. अंदाजाने कुठे बोट ठेवणार? त्यापेक्षा आराखड्यातच एक तपासनीस बसवायचा, जो दर सायकलीला पाहील: शिल्लक अधिक वापरातली बरोबर बत्तीस आहे का.

बाई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "ही अ‍ॅसर्शन आपल्याकडे आहे."

आहे. शोधली तर सापडली. सिम्युलेशनच्या टेस्टबेंचमध्ये पहिल्यापासून आहे. पण ती अशा ढंगाने लिहिली आहे की हार्डवेअरमध्ये उतरत नाही, म्हणून इम्युलेटरसाठी कंपाइल करताना अवजाराने ती वगळली. इशाऱ्यांच्या हजारो ओळींत एक ओळ. आणि सिम्युलेशनमध्ये ती ओरडली नाही, कारण तिथल्या टेस्ट छोट्या. तो विशिष्ट प्रसंग घडलाच नाही. जिथे प्रसंग घडला तिथे अ‍ॅसर्शन नव्हती, जिथे अ‍ॅसर्शन होती तिथे प्रसंग नव्हता. हे वाक्य बाईंनी तपासणीच्या नोंदीत जसंच्या तसं टाकायला सांगितलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

तपासनीस हार्डवेअरमध्ये उतरेल असा लिहिला. वापरातली क्रेडिटं त्याने शिल्लकेच्या काउंटरवरून काढायची नाहीत, तक्त्यातले भरलेले खण स्वतः मोजायचे. ज्याचा हिशेब तपासायचा त्याचीच वही प्रमाण धरली तर तपासणी कसली?

टीममधल्या एका मुलाने तपासनिसाचा आकडा दर सायकलीला सर्व्हरकडे पाठवायची सोय केली. वेग धाडकन कोसळला. इम्युलेटर आणि सर्व्हर दर ठोक्याला बोलायला लागले की वेगवान बाजू मंद बाजूची वाट बघत उभी राहते. एससीई-एमआय नावाचं मानक याचसाठी आहे: दोघांनी बोलायचं ते गठ्ठ्याने, व्यवहार पूर्ण झाला की. आम्हाला गठ्ठाही नको होता. हिशेब यंत्रातच, आणि बाहेर फक्त एक बिट: चुकलं किंवा नाही. चुकल्याक्षणी ट्रिगर, आणि टिपण थांबव.

कंपाइलला टाकून झोपलो. आज कार्तिकी पौर्णिमा. वैनगंगेवर दिवे सोडतात, जायचं राहून गेलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

रन सुरू केल्यावर सातव्या मिनिटाला ट्रिगर लागला. ४१ कोटींच्या आसपासची सायकल. हँगच्या कितीतरी आधी, जेव्हा स्क्रीनवर बूटच्या ओळी छान सरकत होत्या आणि कोणालाही शंका आली नसती.

वेव्हफॉर्म उघडली. पाच रेघा पुरल्या. घड्याळ. ग्रँट, म्हणजे नव्या विनंतीला परवानगी. कॅन्सल, म्हणजे आधीची विनंती रद्द. शिल्लक. आणि तपासनिसाची बेरीज. एका ठोक्याला ग्रँट वर गेला. त्याच ठोक्याला, नेमक्या त्याच, कॅन्सलही वर. प्रोसेसरने पुढे लागेल असं वाटून मागवलेलं काही नंतर नको झालं होतं. शिल्लक सतरा होती. एक खर्ची, एक जमा. सतराच राहायला हवी. पुढच्या ठोक्याला ती सोळा झाली. तपासनिसाच्या बेरजेत बत्तीसचे एकतीस.

कोड पाहिला. ग्रँट असेल तर एक वजा. नाहीतर, कॅन्सल असेल तर एक अधिक. ते "नाहीतर"च नडलं. दोन्ही एकदम आले तर वजाबाकी होते आणि बेरजेकडे कोणी पाहत नाही. एरवी हे दोघे एकाच ठोक्याला भेटत नाहीत. मेमरी रिफ्रेशमध्ये गुंतून विनंती रखडली आणि तेवढ्यात दुसऱ्या दाराने परवानगी मागितली गेली, तरच. लिनक्सच्या बूटमध्ये हा योग अधूनमधून येतो. प्रत्येक वेळी एक क्रेडिट बुडतं. छोट्या टेस्टमध्ये एखादं बुडालं असतं तरी हँग झाला नसता; टेस्ट संपता रिसेट होऊन पुन्हा बत्तीस.

माडीवरून खाली आलो तेव्हा बाबूजी शेतावर जायला निघाले होते. बाकीच्या धानाचा कडपा अजून बांधीत पडलाय. सापडलं म्हणून सांगितलं. "का सापडलं?" "पोतं." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निघाले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दुरुस्ती तीन ओळींची. दोन्ही आले तर शिल्लक तशीच ठेव. या तीन ओळींपेक्षा त्यासोबत जोडलेली टेस्ट मला महत्त्वाची वाटते: साध्या सिम्युलेशनमध्ये ग्रँट आणि कॅन्सल जबरदस्तीने एका ठोक्याला आणायचे. काहीशे सायकलींत जुना कोड पडतो, नवा उभा राहतो. इम्युलेटरने बग दाखवला. तो पक्का करून ठेवायचं काम फुकटातल्या सिम्युलेटरलाही जमलं असतं. भाचीला नेमकं हेच कळवलं.

संध्याकाळी तिचा फोन. तिला प्रोजेक्टसाठी भारतीय प्रोसेसर हवाय. आयआयटी मुंबईच्या "अजित"बद्दल सांगितलं. प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या चमूने तो घडवला, २०१९मध्ये जाहीर झाला, सूचनासंच स्पार्क व्ही-८, आणि चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर बनली. सोबतीला पवई लॅब्ज ही मुंबईची कंपनी होती. मद्रास आयआयटीचा "शक्ती" आहे, सी-डॅकचा "वेगा" आहे. अजून एक: २०२२पासून केंद्र सरकारचा चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रम चालू आहे, त्यात बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रामार्फत सहभागी कॉलेजांना महागडी डिझाइन अवजारं वापरायला मिळतात. "तुमच्या कॉलेजचं नाव आहे का विचार," म्हटलं. तिने विचारलेलं नव्हतं. कॉलेजातही तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मतदान. प्रचाराचे भोंगे परवापासून बंद, कान सुटले. रात्री संपूर्ण रिग्रेशन, म्हणजे सगळ्या टेस्ट पुन्हा, इम्युलेटरवर टाकलं, सुरुवातीच्या किमती यादृच्छिक ठेवून, वेगवेगळ्या बीजांनी. लिनक्स लॉगिनपर्यंत गेला. तपासनीस गप्प.

तपासनीस काढायचा का, यावर टीममध्ये वाद. काहींचं म्हणणं, बग गेला, जागा अडते. माझं मत नोंदवलं: राहू द्या. चार काउंटरांनी इम्युलेटर भरत नाही. बाईंनी राहू दिला. शिवाय इम्युलेटरसाठी वगळल्या जाणाऱ्या सगळ्या अ‍ॅसर्शनची यादी दर कंपाइलनंतर वेगळी काढायचं ठरलं. ती यादी वाचायचं काम कोणाकडे, हे मात्र ठरलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

उद्या निघणार. भाचीच्या लॅब जर्नलचे फोटो तिने पाठवले होते, ते आज सवडीने पाहिले. हाफ अ‍ॅडर, फुल अ‍ॅडर, काउंटर, फिफो. प्रत्येक प्रयोगात तयार कोड, सुबक वेव्हफॉर्म, खाली "रिझल्ट व्हेरिफाइड" आणि सही. तीन वर्षांत या मुलीने एकही बिघडलेलं सर्किट पाहिलेलं नाही, आणि नोकरीत तिच्यासमोर येणार ती बिघडलेलीच.

विदर्भातल्या कॉलेजांत डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या सर-मॅडमना एकच विनंती आहे. इम्युलेटर नको, निधी नको. पुढच्या सत्रात फिफोच्या प्रयोगात एक "नाहीतर" चुकीच्या जागी घाला, मुलांच्या हाती व्हेरिलेटर आणि जीटीकेवेव्ह द्या, आणि पहिली चुकलेली सायकल कुठली ते विचारा. ज्याला ती सापडेल, त्याच्या जर्नलवर सही करा.